जादा दिवे

लेर्ग सोडलं की आल्टनाहारापर्यंत
एकवीस मैल नुसता काळोख, एकपदरी.
वळणावळणावर बाजूला थांबायच्या जागा
आणि ज्याच्यासाठी थांबावं असं कोणीच नाही.
नोव्हेंबरात पावणेचारलाच दिवस मिटतो.
पोरं काही उजेड बघून जन्माला येत नाहीत,
आणि मी सुईण.

मागच्या गुरुवारी एक हरीण आडवं आलं, नर,
डोक्यावर उलटी खुर्ची ठेवल्यासारखी शिंगं.
त्याच्या नाकपुड्यांची वाफ काचेवर उमटली,
इतकी मी उशिरा थांबले.

शनिवारी दोन दिवे घेतले, पंचावन्न वॅटचे, ताटलीएवढे,
आणि गेले हेक्टर मकायकडे.
त्याने चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटींचं वायरिंग केलं
आणि एकालाही, असं तो म्हणतो,
समुद्रात अंधारात सोडलं नाही.

मला वाटलं होतं, दोन तारा, एक बटण.
त्याने दिवे हातातसुद्धा घेतले नाहीत.
मेंढ्यांच्या खाद्याची कागदी पिशवी फाडली,
कानामागची पेन्सिल काढली
आणि माझ्या गाडीचा संसार मांडायला बसला:

आल्टरनेटरची कमाई पासष्ट अँपिअर,
तीही गाडी पळताना. उभी असली की निम्मी.
इंजिनाला बारा. हेडलाइटला दहा.
हीटरच्या पंख्याला अठरा, वायपरला पाच,
मागच्या काचेवरची वाफ घालवायला तेरा.
झाले अठ्ठावन्न.
आता तुझे हे दोन पाहुणे. नऊ.

सदुसष्टाखाली त्याने दोनदा रेघ ओढली.
'वरचे दोन बॅटरी देईल,' म्हणाला,
'देतेच ती. बोलत नाही.
मग एका सकाळी देत नाही.'

मी खिडकीबाहेर बघत राहिले.
त्या महिन्यात आमच्यातल्या दोघी सोडून गेल्या होत्या,
त्यांचे वार मी माझ्या वहीत उतरवून घेतले होते.
हे काही त्याला सांगितलं नाही.
सांगितलं एवढंच, की आमच्यात म्हणतात
अंथरूण पाहून पाय पसरावेत.
त्याने जरा विचार केला.
'इथे थंडी असते. आम्ही पाय पोटाशी घेतो.'

मग मागच्या काचेच्या तेरावर काट मारली.
'हे दिवे लागले की ती बंद.
मागे काय बघायचंय तुला?'

सगळा प्रवाह बटणातून न्यायचा नाही, म्हणाला,
बटणाने फक्त खुणावायचं.
ओझं उचलायला रिले, काडेपेटीएवढी काळी डबी,
आत एक टिक्.
बॅटरीपासून वीतभरावर पंधराचा फ्यूज:
'तार जळायच्या आत हा मरेल. पगारच त्याचा.'
आणि मोठा झोत खाली केला की हेही विझावेत
अशी जोडणी, कारण समोरून येणाराही
कोणाकडे तरी निघालेला असतो.

एवढं करून डावा दिवा लागेना.
हेक्टर गाडीखाली सरपटला,
चेसिसवरचा रंग खरवडत राहिला
लखलखीत पत्रा दिसेपर्यंत.
'अर्थ,' खालून आवाज आला, 'अर्थ खराब आहे.'
त्याचा अर्थ जमिनीचा.
मी माझा ऐकला.
अर्थ लागला आणि दिवा लागला,
आणि मी त्या गारठ्यात एकटीच हसले, मराठीत.
तो विचारत राहिला, काय झालं, काय झालं.

मंगळवारी रात्री दोनला फोन. मोर्व्हेनचं दुसरं.
बटण दाबलं, टिक्,
आणि रस्ता पार टेकडीपर्यंत उलगडला,
कडेचं करडं गवत, बर्फाच्या खुणेचे खांब,
लांबवर हिरव्या डोळ्यांच्या जोड्या
एक, तीन, सात,
हळू व्हायला भरपूर वेळ.
आरशात मागची काच पांढरीफटक.

मुलगी झाली. साडेसात पौंड, रागावलेली.
उजाडता उजाडता घरी आले.
ती खाद्याची पिशवी मी मागून आणली होती.
पालथ्या बाजूला माझे वार मांडायला घेतले,
कमाई वर, खर्च खाली.
गुरुवारपर्यंत पोचले असेन,
झोप लागली.